अडलेल्या मुलाची नोंदवही

रायपुरातील शाळेच्या डायरीत पालकांच्या नावे तांबड्या शाईने जो मजकूर येतो तो बहुधा एका ओळीचा असतो : 'बच्चा क्लास में बहुत शरारत करता है, पालक कृपया ध्यान दें.' या एका ओळीत मुलाविषयीचा निकाल आहे, भरलेला वर्ग दिवसभर सांभाळून थकलेल्या शिक्षिकेचा वैताग आहे आणि पालकांस दिलेली आज्ञाही आहे; मात्र मुलाने नेमके काय केले, कोणत्या तासाला केले, त्याच्या लगेच आधी वर्गात काय चालले होते आणि केल्यावर त्याच्या पदरात काय पडले, या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर तीत नाही. पालक ती ओळ वाचून मुलास रागावतात, मूल खाली मान घालून ऐकून घेते, सही होते आणि डायरी दुसऱ्या दिवशी दप्तरातून परत जाते. स्वमग्नता, अतिचंचलता, बौद्धिक अक्षमता, वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता, चिंताविकार किंवा नैराश्य यांपैकी काही ज्यांच्या वाट्याला आले आहे, अशा मुलांच्या बाबतीत तर हा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालतो आणि त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. त्या चार प्रश्नांची उत्तरे कशी मिळवावीत आणि ती मिळाल्यावर शाळेने व घराने कोणती तजवीज करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

येथील मराठी कुटुंबांची एक जुनी रीत प्रारंभीच विचारात घेतली पाहिजे. भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात मराठी वस्ती आहे, तात्यापाऱ्यासारखे मोहल्ले आजही तिची साक्ष देतात, आणि १९५६ पर्यंत प्रांताची राजधानी नागपूर हीच असल्यामुळे कचेरीचे काम असो, सोयरीक असो वा दुखणे असो, नागपूरची गाडी धरावी हा परिपाठ पडून गेला. मुलाच्या वर्तनाचा प्रश्न उभा राहिला म्हणजेही पुष्कळ पालक तेच करतात. नामांकित डॉक्टरांची वेळ घेतली जाते, अर्ध्या तासाची भेट होते, निदानाचा कागद हाती पडतो आणि आता सारे मार्गी लागेल अशा समजुतीने मंडळी घरी परततात. निदान अवश्य करून घ्यावे, त्याची निकड पुढे येईलच. परंतु ज्या वर्तनाविषयी तक्रार आहे ते दवाखान्याच्या खोलीत घडत नसते. ते गणिताच्या तासाला, प्रार्थनेच्या रांगेत, मधल्या सुट्टीत नळापाशी घडते, आणि जेथे ते घडते तेथेच ते समजून घ्यावे लागते. हे काम नागपूरचा वा मुंबईचा तज्ज्ञ, तो कितीही मोठा असला तरी, दुरून करू शकत नाही. ते वर्गशिक्षिकेलाच करावे लागते, आणि त्यासाठी लागतात ती साधने म्हणजे एक शंभर पानी वही आणि थोडी चिकाटी.

त्या वहीमागचे शास्त्र सांगायला फार शब्द लागत नाहीत. मुलाचे त्रासदायक वर्तन निर्हेतुक नसते. त्याचा मुलास काहीतरी उपयोग होत असतो, म्हणूनच ते टिकते. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विकासात्मक अक्षमता असलेल्या काही मुलांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा असे दिसून आले की काही मुले काम अवघड झाले म्हणजे आक्रस्ताळेपणा करतात, तर काही मुले मोठ्यांचे लक्ष कमी झाले म्हणजे करतात. पहिल्या प्रकारच्या मुलांना 'मला हे समजत नाही' असे, आणि दुसऱ्या प्रकारच्या मुलांना 'माझे काम नीट होते आहे का?' असे म्हणायला शिकवल्यावर आक्रस्ताळेपणा पुष्कळच ओसरला; मात्र शिकवलेले वाक्य मुलाच्या गरजेशी जुळणारे नसेल तर काहीही फरक पडला नाही. या शेवटच्या निष्कर्षातच शिक्षकाच्या कामाचे मर्म आहे. नको असलेल्या कामातून वा जागेतून सुटका, कोणाचे तरी लक्ष, हवी असलेली वस्तू किंवा कृती, आणि शरीरालाच मिळणारा दिलासा, असे चार हेतू साधारणतः आढळतात. एकाच वर्गातली दोन मुले सारख्याच जोराने बाक बडवीत असली तरी एकाला शिक्षिकेने आपल्याकडे पाहावे असे वाटत असते आणि दुसऱ्याला तिने आपल्याला बाहेर घालवावे असे वाटत असते. दोघांनाही वर्गाबाहेर उभे करणारी शिक्षिका एकाला शिक्षा करते आणि दुसऱ्याला बक्षीस देते, आणि कोणाला काय दिले याचा तिला पत्ताही नसतो.

हेतूचा शोध घेण्यापूर्वी शरीराची रुजवात करून घेणे मात्र अपरिहार्य आहे, आणि या बाबतीत छत्तीसगढात काही गोष्टींकडे विशेष लक्ष पुरवावे लागते. सिकलसेलचा आजार या प्रदेशात पुष्कळ समाजांत आढळतो. त्या आजाराच्या मुलास हातापायांत तीव्र कळा येतात, तो लवकर थकतो, थंडीने किंवा पाणी कमी प्यायल्याने त्याचे दुखणे उसळते, आणि असे मूल खेळाच्या तासाला बसून राहिले वा चिडचिडे झाले की त्याच्यावर आळसाचा शिक्का बसतो. ज्या मुलाच्या बाबतीत ही शंका असेल त्याची रक्ततपासणी प्रथम करावी. रायपुरात त्यासाठी स्वतंत्र सिकलसेल संस्थान आहे. वाचता वाचता काही क्षण शून्यात नजर लावून बसणारे आणि पुन्हा काहीच घडले नाही अशा रीतीने सावरणारे मूल दुर्लक्ष करीत नसून त्यास अपस्माराचे सूक्ष्म झटके येत असण्याचा संभव असतो. कानात साचलेला पू, अधू दृष्टी, अपुरी झोप, बद्धकोष्ठ, जंत, ही कारणे सांगायला क्षुल्लक वाटतात. पण ज्या मुलास आपले दुखणे शब्दांत सांगता येत नाही, ते मूल ते चावून किंवा ओरडूनच सांगणार. सरकारी शाळांत व अंगणवाड्यांत येणारे आरोग्यतपासणीचे पथक येथे 'चिरायु' या नावाने ओळखले जाते आणि जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांतील व्यंगे, आजार, उणिवा व विकासातील विलंब हुडकणे हेच त्याचे काम आहे. पथक येण्याच्या दिवशी ज्या मुलाविषयी चिंता आहे त्याला हजर ठेवावे आणि आपली निरीक्षणे पथकातील डॉक्टरांच्या हाती लेखी द्यावीत. पुढील तपासणीसाठी पंडरीचे जिल्हा रुग्णालय, आंबेडकर रुग्णालय आणि टाटीबंधचे एम्स ही ठिकाणे शहरातच आहेत.

शरीरापाठोपाठ भाषेचा विचार येतो. घरी मराठी, शेजारी छत्तीसगढी, शाळेच्या मैदानात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा चार भाषांच्या मेळात वाढणारे पाच वर्षांचे मूल वर्गात गप्प बसले किंवा सूचना ऐकूनही हलले नाही, तर तो दोष मुलाचा की सूचनेच्या भाषेचा हे आधी ठरवावे. उपाय सोपा आहे : तीच सूचना आईने किंवा आजीने घरी मराठीत दिली असता मूल ती पाळते का, याची विचारपूस करावी. पाळत असेल तर प्रश्न शिकवण्याचा आहे. घरच्या भाषेतही पाळत नसेल तर मात्र विकासाची तपासणी लांबवू नये. खेड्यातून आलेल्या आणि घरी केवळ छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलांनाही हाच न्याय लावला पाहिजे. 'घरात मराठी बंद करा, मुलाचा गोंधळ होतो' हा सल्ला स्वमग्न मुलांच्या पालकांना येथे अजूनही सर्रास दिला जातो. त्याला शास्त्राचा आधार नाही. दोन भाषा ऐकल्याने अशा मुलांच्या भाषाविकासाची हानी होते असे संशोधनात आढळलेले नाही, आणि आजीचे बोलणे ज्याला कळेनासे झाले त्या मुलाचे एक माणूस मात्र निश्चित तुटते.

आता प्रत्यक्ष वहीकडे वळू. समजा, तिसरीतला एक मुलगा आठवड्यातून तीन-चारदा वही फाडतो आणि त्याविषयी डायरीत 'उद्दंड' असा शेरा पडलेला आहे. शिक्षिकेने वहीचे पान चार रकान्यांत विभागावे : वेळ व तास, आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय घडले. विशेषणांना रकानाच ठेवू नये. पहिली नोंद अशी होईल : 'सोमवार, ११.२०, गणित. फळ्यावरची सहा उदाहरणे उतरवून घ्या असे सांगितले. दोन उतरवली, पेन्सिल टाकली, पान फाडले. ओरडून व्हरांड्यात उभे केले. तास संपेपर्यंत टाकीपाशी उभा होता.' बुधवारची नोंद हिंदीच्या तासाची, पण मजकूर जवळपास तोच : फळ्यावरून उतारा उतरवणे, फाडणे, व्हरांडा. गुरुवारी तोंडी पाढे झाले, त्या तासाला काहीच घडले नाही, आणि हेही वहीत यावे. कारण शांत गेलेला तास भांडणाच्या तासाइतकाच बोलका असतो. दोन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की मुलाला गणिताचे वावडे नसून फळ्यावरून वहीत उतरवण्याचे आहे, आणि पान फाडल्याने त्याची त्या कामातून खात्रीने सुटका होते, हे कोणालाही दिसेल. मग डोळे तपासून घ्यावेत, अक्षरे उलटसुलट होतात का, दोन ओळी उतरवायला किती वेळ लागतो, हे पाहावे आणि वाचन-लेखनाच्या विशिष्ट अक्षमतेची शंका नोंदवावी. या अक्षमतेचा निर्णय साधारण तिसरीच्या वयाच्या आधी खात्रीने देता येत नसला तरी मदत निर्णयासाठी थांबवून ठेवण्याचे काही कारण नाही.

मदत द्यायची ती तीन बाजूंनी. प्रथम कामच बदलावे : सहाऐवजी दोन उदाहरणे, फळ्याऐवजी त्याच्या बाकावर ठेवलेला छापील कागद, उरलेली उदाहरणे तोंडी. दुसरे, सुटकेचा एक सभ्य मार्ग त्याला शिकवावा : बाकाच्या कोपऱ्यात 'मदत हवी' आणि 'थोडे थांबतो' अशी दोन कार्डे चिकटवावीत, त्यातले एक पुढे सरकवले की शिक्षिकेने शक्य तितक्या लवकर जवळ जावे किंवा त्याला नळावर जाऊन पाणी पिऊन येऊ द्यावे, आणि हे आरंभी प्रत्येक वेळी झालेच पाहिजे, कार्ड दाखवूनही काही होत नाही असा अनुभव आला तर मूल आपल्या खात्रीच्या जुन्या उपायाकडे वळणार. वाचता न येणाऱ्या मुलासाठी शब्दांच्या जागी चित्र काढावे. तिसरे, पान फाडल्यावर व्हरांड्यात पाठवणे बंद करावे. न बोलता दुसरा कागद पुढे ठेवावा, काम लहान करावे आणि निदान एक ओळ पुरी झाल्यावर त्याला मोकळे करावे.

येथे पालकांस व शिक्षकांस आगाऊ इत्तला देऊन ठेवणे जरूर आहे. जुना उपाय चालेनासा झाला की मूल तो सोडण्यापूर्वी अधिक जोराने करून पाहते. जो पान फाडत होता तो चार-सहा दिवस दप्तर फेकील. याच टप्प्यावर बहुतेक शाळा हात टेकतात, 'प्रेमाने सांगून पाहिले, काही उपयोग नाही' असे म्हणतात आणि मुलाला पुन्हा बाहेर घालवतात. त्यामुळे अधिक जोर लावला म्हणजे फळ मिळते हा धडा त्याच्या मनावर कायमचा ठसतो. आपल्याला हा टप्पा निभावून नेता येणार नाही असे वाटत असेल तर हा तिसरा मार्ग धरूच नये. केवळ काम सोपे करणे आणि कार्ड शिकवणे यांवर भर द्यावा, तेवढ्यानेही पुष्कळ साधते.

एका मुलासाठी केलेली व्यवस्था टिकायची तर साऱ्या वर्गाची घडी बसलेली असावी लागते. या विषयाचे अभ्यासक मदतीचे तीन थर सांगतात : सर्वांसाठी असलेली शिस्त, मोजक्या मुलांसाठी थोडी जादा देखरेख, आणि एखाद्यासाठी स्वतंत्र योजना. आमच्याकडे पहिल्या थराला सुटी देऊन एकदम तिसऱ्याची मागणी होते. दिवसाचे वेळापत्रक चित्रांसह भिंतीवर असावे, तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे सूचना मिळावी, नियम तीन किंवा चारच असावेत आणि ते 'करू नका' ऐवजी 'असे करा' या भाषेत असावेत. स्वमग्न मुलासाठी तर बदलाची पूर्वसूचना ही चैनीची बाब नाही. उन्हाळ्यात शाळेची वेळ एकाएकी सकाळची होते, गणेशोत्सवात गल्लीतला भोंगा दिवसभर चालतो, स्नेहसंमेलनाच्या आधी महिनाभर तासांची उलथापालथ होते, आणि नेमक्या याच दिवसांत तक्रारींच्या चिठ्ठ्यांचा पाऊस पडतो. बदल आदल्या दिवशी चित्रावर दाखवावा आणि प्रार्थनेच्या ध्वनिक्षेपकाचा त्रास होणाऱ्या मुलाला रांगेच्या शेवटी, भोंग्यापासून दूर उभे राहू द्यावे. १९६९ साली अमेरिकेतील कॅन्सस येथे चौथीच्या एका वर्गात दोन गट पाडून, ज्या गटाकडून नियमभंग कमी होईल त्याला थोड्याशा सवलती देण्याचा खेळ योजण्यात आला होता, आणि त्यामुळे वर्गातील आरडाओरड लक्षणीय घटली. असा खेळ साठ मुलांच्या वर्गातही सहज खेळता येतो, फक्त दुबळे मूल ज्या गटात असेल त्याच्यावर हरण्याचे खापर फुटणार नाही एवढी दक्षता घ्यावी.

व्यवस्था बदलण्याची ही कल्पना परकी आहे असेही कोणी समजू नये. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष न देता शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मराठी शाळांतून त्यांच्या तसबिरी पुष्कळ ठिकाणी लावलेल्या असतात. त्यांच्या पद्धतीचा वापर त्या मानाने कमी होतो.

एवढा वेळ ज्यांच्याविषयी लिहिले ती मुले निदान आवाज करतात. ज्यांच्याविषयी कधीच चिठ्ठी येत नाही अशा मुलांचा प्रश्न अधिक बिकट आहे. घरी अखंड बडबडणारी आणि शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकताच ओठ मिटून घेणारी पहिलीतली मुलगी शिक्षिकेला 'गुणी' वाटते; महिन्यामागून महिने ती वर्गात एक शब्दही बोलली नाही तर तो लाजाळूपणा राहत नाही, ते चिंतेचे लक्षण असते, आणि 'बोल, नाहीतर बसायला मिळणार नाही' अशा दटावणीने ते पक्के होते. तिला आरंभी मान हलवून, बोट दाखवून, मग एका मैत्रिणीच्या कानात, आणि पुढे दोघीतिघींत हळू आवाजात उत्तर देऊ द्यावे. दर सोमवारी सकाळी पोटात दुखणाऱ्या मुलाचे पोट खरोखरच दुखते. डॉक्टरांनी काही नाही म्हटले म्हणजे ते ढोंग ठरत नाही. अशा मुलाला दीर्घ रजेवर घरी ठेवणे हा मात्र सर्वांत घातक उपाय होय, कारण घरी काढलेला प्रत्येक दिवस परतीची वाट अवघड करतो. पहिल्या दोन तासांपुरते का होईना त्याला शाळेत आणावे, एका ठरलेल्या शिक्षकाने फाटकाशी घ्यावे आणि हळूहळू वेळ वाढवावी.

हसतेखेळते मूल एकाएकी बदलले, एका विशिष्ट माणसाला किंवा जागेला भिऊ लागले, अंथरूण ओले करू लागले, तर वर्तनाची योजना बाजूस ठेवून त्याच्याशी कोणी गैर वागत तर नाही ना याचा विचार प्रथम करावा. १०९८ हा बालसाहाय्याचा दूरध्वनी त्यासाठीच आहे, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांस कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेची अब्रू ही सबब तेथे चालत नाही. मोठ्या मुलाच्या तोंडी मरणाची भाषा आली तर तिला नाटक म्हणू नये, त्याला एकटे सोडू नये, 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?' असे सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेणे मात्र त्याने टळत नाही.

मूल बेभान होऊन मारू किंवा डोके आपटू लागते त्या घटकेला समजावण्यात अर्थ नसतो. बोलणे थोडे व आवाज खाली ठेवावा, इतर मुलांना बाजूस न्यावे, हाताशी असलेल्या कठीण वस्तू दूर कराव्यात आणि डोके व जमीन यांच्यामध्ये दप्तर किंवा सतरंजी सरकवावी. खोलीत कोंडणे, बांधणे, चापट मारणे हे उपाय नव्हेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे, आणि 'पालकांचीच परवानगी आहे' असे म्हणून तो मनाईहुकूम उठत नाही. मूल शांत झाल्यावर लगेच जाबसाल सुरू करू नयेत. त्याला पाणी द्यावे, थोडे बसू द्यावे, आणि वहीत नोंद करावी.

अतिचंचलतेच्या औषधांविषयी शिक्षकाने मत देऊ नये, ना बाजूने ना विरुद्ध. ते मनोविकारतज्ज्ञांनी ठरवावे. शाळेने फक्त औषध सुरू झाल्यापासून कोणत्या तासाला काय फरक दिसला, डबा पूर्वीइतका संपतो का, याची टिपणे पालकांमार्फत पाठवावीत. डॉक्टरांना याहून उपयोगी कागद क्वचितच मिळतो.

आता कागदपत्रांविषयी. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांचा समावेश आहे. सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्यांच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात असे त्याचे १६ वे कलम सांगते. ज्यांची अक्षमता निदान चाळीस टक्के प्रमाणित झाली आहे त्यांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क ३१ व्या कलमाने मिळतो. दाखला काढला की मुलाच्या कपाळी शिक्का बसेल या भीतीने पुष्कळ घरांतून तो टाळला जातो. भीती समजण्यासारखी आहे; पण डायरीतला 'उद्दंड' हाही शिक्काच असतो, आणि त्याने दहावीच्या परीक्षेत एक मिनिटही जादा मिळत नाही. सीबीएसईच्या परीक्षेत दाखला असलेल्या विद्यार्थ्यास तासाला वीस मिनिटे अधिक वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो, मात्र त्यासाठी शाळेमार्फत मुदतीत अर्ज जावा लागतो. तो विषय परीक्षेच्या महिन्यात काढून भागत नाही.

शाळेकडे जे मागायचे ते लेखी मागावे, अर्जाची पोच घ्यावी, आणि 'मुलाकडे लक्ष द्यावे' असे मोघम न लिहिता 'पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर जागा, फळ्यावरील मजकुराचा छापील कागद, मदतीचे कार्ड, दर शुक्रवारी वहीची प्रत' असे मुद्देवार लिहावे. मुख्याध्यापकांकडून दाद लागली नाही तर जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि तेथूनही न लागल्यास राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे किंवा बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते. परंतु पहिल्याच भेटीत कायद्याचे कलम पुढे करणारा पालक बहुधा शिक्षिकेचा सहकार गमावतो आणि त्याच्या हाती नुसते कलम राहते, हेही अनुभवाला धरून आहे.

विशेष शिक्षकाची गरज लागेल तेव्हा सरकारी शाळांनी समग्र शिक्षा योजनेतील विकासखंड स्तरावरच्या समावेशी शिक्षणाच्या कार्यकर्त्याला बोलवावे. प्राथमिक वर्गांत दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निर्णयानंतर, केंद्र सरकारने २०२२ साली जाहीर केले आहे. प्रत्यक्षात तो येईपर्यंत वर्गशिक्षिकेची वही बंद ठेवण्याचे कारण नाही. राजनांदगावला केंद्र सरकारचे दिव्यांगजनांसाठीचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे आणि तेथे तपासणी व उपचार यांची सोय आहे. खाजगी 'थेरपी सेंटर' आता शहरात जागोजाग निघाली आहेत. पैसे भरण्यापूर्वी उपचार करणाऱ्या व्यक्तीचा भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणीचा सीआरआर क्रमांक मागावा, मुलाच्या तासाला आपल्याला आत बसू देतात का ते विचारावे, आणि स्वमग्नता 'समूळ बरी' करण्याची हमी कोणी दिली तर तेथून उठावे. १९३५ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेची स्वतःची शाळा आहे आणि पालकांची ये-जाही आहे. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा या मुलांच्या आयांना एकत्र बसण्यास एक खोली मिळाली तर कोणत्या दवाखान्यात कोणत्या वारी गर्दी कमी असते येथपासूनची माहिती आपोआप हातोहात जाईल.

घरातल्या मोठ्यांचा विषय थोडा नाजूक आहे. आजोबा म्हणतात, 'आमच्या वेळी दोन रट्ट्यांत सरळ व्हायची मुले'. आजी नातवाच्या ओरडण्याला पेढा देऊन मोकळी होते. आणि दोघांच्या मध्ये आई वहीची प्रत घेऊन उभी असते. योजना घरी लागू करायची तर ती आजी-आजोबांना समोर बसवून, शक्य तर शिक्षिकेच्या तोंडून सांगावी, आणि त्यांच्याकडे नेमके एकच काम सोपवावे : नातवाने कार्ड दाखवले किंवा नीट मागितले तरच पेढा, आणि मागितला तर नक्की. सूनबाईच्या उपदेशापेक्षा बाईंची सूचना अधिक मानली जाते, हा आपल्या घरांचा स्वभाव येथे उपयोगी पडतो.

वर्षअखेरीस एक काम हमखास राहून जाते. शिक्षिका बदलते, वही कपाटात पडते आणि नव्या वर्गात मुलाची कैफियत पुन्हा 'शरारत' या शब्दापासून सुरू होते. म्हणून सीबीएसईच्या शाळांत मार्चमध्ये आणि राज्य मंडळाच्या शाळांत जूनमध्ये वर्ग भरण्यापूर्वी जुन्या शिक्षिकेने नव्या शिक्षिकेसाठी एक पानी टिपण लिहावे : मुलाला काय आवडते, काय अवघड जाते, बिनसण्यापूर्वी कोणती खूण दिसते (कान झाकणे, पेन्सिलीचे टोक चावणे, खुर्ची मागे रेटणे), कोणते कार्ड चालते आणि काय करून पाहिले पण चालले नाही. टिपणाची एक प्रत पालकांकडे राहू द्यावी, आणि शक्य असल्यास शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी, इमारत रिकामी असताना, मुलाला त्याची नवी खोली, नवा बाक, नळ आणि स्वच्छतागृह एकदा दाखवून आणावे.